रक्तगुठळी प्रतिबंधासाठी ॲस्पिरिनचा वापर

रोहिण्यांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत, किंवा होऊ लागलेली गुठळी वाढू नये, यासाठी ॲस्पिरिन हे औषध अल्प मात्रेत, सामान्यतः दररोज ७५ ते १५० मिलिग्रॅम, दिले जाते. ॲस्पिरिनचे रासायनिक नाव ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल असे आहे. वेदना व ताप कमी करणारे औषध म्हणून १८९९ मध्ये बाजारात आलेल्या या द्रव्याचा गुठळी रोखण्याचा गुण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाला. आज जगभर ॲस्पिरिनचा मोठा वापर याच कारणासाठी होतो.

हृदयविकाराचा झटका किंवा गुठळीमुळे झालेला पक्षाघात ज्यांना पूर्वी येऊन गेला आहे, अशा रुग्णांमध्ये ॲस्पिरिनचा लाभ निर्विवाद मानला जातो. ज्यांना असा कोणताही आजार झालेला नाही, अशा निरोगी व्यक्तींनी केवळ खबरदारी म्हणून ते रोज घ्यावे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे. गुठळी रोखणारा गुण आणि रक्तस्राव वाढवणारा दोष ही ॲस्पिरिनच्या एकाच क्रियेची दोन रूपे असल्याने, कोणाला लाभ अधिक आणि कोणाला हानी अधिक हे त्या व्यक्तीच्या मूळच्या धोक्यावर अवलंबून असते.

रक्त साखळण्याची क्रिया

जखम झाली असता रक्त वाहणे आपोआप थांबते, ही शरीराची एक संरक्षक व्यवस्था आहे. तिचे ढोबळमानाने दोन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात रक्तातील बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट, रक्तवाहिनीच्या फाटलेल्या कडेला चिकटतात आणि एकमेकांना चिकटून तात्पुरते बूच तयार करतात. दुसऱ्या टप्प्यात रक्तद्रवातील प्रथिने एकामागून एक कार्यान्वित होऊन फायब्रिन या चिवट तंतूंचे जाळे विणले जाते व बूच पक्के होते.

हीच क्रिया रक्तवाहिनीच्या आत, नको त्या ठिकाणी घडली तर ती घातक ठरते. वाढते वय, धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि रक्तातील अतिरिक्त कोलेस्टेरॉल यांमुळे रोहिण्यांच्या अस्तराखाली मेदाचे थर साचतात. असा थर तडकला की बिंबाणूंना ती जखमच वाटते आणि ते तेथे गोळा होऊ लागतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृद्‌रोहिणीत अशी गुठळी झाली तर हृदयविकाराचा झटका येतो; मेंदूच्या रोहिणीत झाली तर पक्षाघात होतो.

रोहिण्यांत रक्त वेगाने वाहत असल्यामुळे तेथील गुठळीत बिंबाणूंचा वाटा मोठा असतो. नीलांमध्ये रक्ताचा वेग मंद असतो. तेथील गुठळ्यांत फायब्रिन आणि तांबड्या पेशी यांचे प्रमाण अधिक असते. ॲस्पिरिन बिंबाणूंवर कार्य करते. त्यामुळे त्याचा प्रभाव रोहिण्यांतील गुठळ्यांवर अधिक आणि नीलांतील गुठळ्यांवर तुलनेने कमी पडतो.

कार्यपद्धती

बिंबाणूमध्ये सायक्लोऑक्सिजनेज-१ नावाचे एक विकर असते. त्याच्या साहाय्याने थ्रॉम्बॉक्सेन ए-२ हे द्रव्य तयार होते. एक बिंबाणू उद्दीपित झाला की तो हे द्रव्य बाहेर सोडतो आणि आसपासच्या बिंबाणूंना जणू हाक घालतो. ॲस्पिरिन आपल्या रेणूतील ॲसिटिल गट या विकराच्या एका ठरावीक जागी, सेरीन या अमिनो आम्लाला, कायमचा जोडून देते. विकराची वाट त्यामुळे बंद होते आणि थ्रॉम्बॉक्सेन तयार होणे थांबते.

ॲस्पिरिनची अल्प मात्रा पुरेशी का ठरते, याचे उत्तर बिंबाणूच्या रचनेत आहे. बिंबाणूला केंद्रक नसते, त्यामुळे निकामी झालेल्या विकराच्या जागी त्याला नवे विकर पुरेशा प्रमाणात तयार करता येत नाही. तो त्याच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे ८ ते १० दिवस, या एका कामापुरता पंगू राहतो. रक्तात ॲस्पिरिन स्वतः फार थोडा वेळ टिकते. परिणाम मात्र अनेक दिवस राहतो. अस्थिमज्जेतून रोज सुमारे १० टक्के नवे बिंबाणू रक्तात येतात. त्यांना निष्क्रिय करण्यासाठी दररोज एक लहान मात्रा पुरते.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी प्रोस्टासायक्लिन नावाचे द्रव्य तयार करतात. ते थ्रॉम्बॉक्सेनच्या उलट, बिंबाणूंना एकत्र येण्यापासून परावृत्त करते. या पेशींना केंद्रक असल्याने त्या विकर पुन्हा तयार करू शकतात. शिवाय आतड्यातून यकृताकडे जाणाऱ्या रक्तातच ॲस्पिरिनची बिंबाणूंशी गाठ पडते आणि यकृतात औषधाचा बराच भाग विघटित होतो. अल्प मात्रेत बिंबाणू निष्प्रभ होतात, पण अस्तराच्या पेशींचे काम बरेचसे चालू राहते, असा दुहेरी लाभ त्यामुळे मिळतो.

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हा शब्दप्रयोग

बोलीभाषेत ॲस्पिरिनला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. हा शब्दप्रयोग रूढ असला तरी शास्त्रीयदृष्ट्या अचूक नाही. ॲस्पिरिनने रक्ताचा दाटपणा बदलत नाही किंवा त्यातील पाण्याचे प्रमाण वाढत नाही; केवळ बिंबाणूंची एकमेकांना चिकटण्याची प्रवृत्ती कमी होते. ॲस्पिरिन आधी झालेली गुठळी विरघळवतही नाही. ते काम स्ट्रेप्टोकायनेज किंवा आल्टेप्लेज यांसारख्या गुठळी विरघळवणाऱ्या औषधांचे आहे.

हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा ठरतो. वॉरफेरिन, हेपॅरिन, ॲपिक्सॅबॅन, रिव्हरॉक्सॅबॅन ही औषधेसुद्धा ‘रक्त पातळ करणारी’ म्हणूनच ओळखली जातात. परंतु ती बिंबाणूंवर नव्हे, तर फायब्रिन तयार करणाऱ्या प्रथिनांच्या साखळीवर कार्य करतात. दोन्ही गटांतील औषधे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, आणि दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. म्हणून डॉक्टरांना माहिती देताना ‘रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे’ एवढेच न सांगता औषधाचे नाव सांगणे आवश्यक असते.

इतिहास

विलो वृक्षाच्या सालीचा वेदना व तापावरील उपयोग प्राचीन काळापासून ज्ञात होता. इंग्लंडमधील धर्मोपदेशक एडवर्ड स्टोन यांनी १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हिवतापासारख्या तापावर या सालीचा गुण येत असल्याचे कळवले. विलोच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव सॅलिक्स असून सॅलिसिलिक आम्ल हे नाव त्यावरून पडले. महाराष्ट्रात नदीनाल्यांच्या काठी आढळणारा वाळुंज हा वृक्ष याच प्रजातीतील आहे.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल फ्रेदेरिक गेरहार्ट यांनी १८५३ मध्ये ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल प्रथम तयार केले; पण ते अशुद्ध स्वरूपात होते. जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये ते शुद्ध स्वरूपात सिद्ध केले. या श्रेयावर त्याच कंपनीतील आर्थर आयशेनग्रून यांनी पुढे आपलाही हक्क सांगितला. १८९९ मध्ये कंपनीने ‘ॲस्पिरिन’ हे नाव नोंदवले.

गुठळी रोखण्याच्या गुणाकडे लक्ष वेधणाऱ्यांत अमेरिकेतील लॉरेन्स क्रेव्हन यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे ते सामान्य वैद्यकीय व्यवसाय करीत. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनाशमनासाठी ॲस्पिरिनयुक्त च्युइंग गम चघळणाऱ्या रुग्णांमध्ये रक्तस्राव अधिक होतो, असे त्यांच्या ध्यानात आले. ज्या औषधाने रक्त साखळण्यास विलंब होतो, तेच हृद्‌रोहिणीतील गुठळी टाळू शकेल, असा तर्क करून त्यांनी मध्यमवयीन पुरुषांना ॲस्पिरिन देण्यास प्रारंभ केला. १९५० ते १९५६ या काळात त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. अखेरच्या लेखात सुमारे ८,००० पुरुषांचा उल्लेख आहे. परंतु तुलनेसाठी ॲस्पिरिन न घेणारा गट त्यांनी ठेवला नव्हता, आणि लेखही फारशा प्रसिद्ध नसलेल्या नियतकालिकांत आले होते. त्यामुळे त्यांच्या निष्कर्षांकडे वैद्यकविश्वाचे दुर्लक्ष झाले. १९५७ मध्ये क्रेव्हन यांचे हृदयविकारानेच निधन झाले. त्यांचा तर्क योग्य दिशेचा होता, पण पुरावा अपुरा होता.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ॲस्पिरिनमुळे बिंबाणूंचे एकत्र येणे मंदावते, हे प्रयोगशाळेत दिसून आले. १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन द्रव्यांची निर्मिती रोखते, असे दाखवून दिले. थ्रॉम्बॉक्सेनचा शोध १९७५ मध्ये स्वीडनमध्ये बेंग्ट सॅम्युएल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. व्हेन, सॅम्युएल्सन आणि सुने बर्गस्ट्रोम यांना १९८२ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

प्रमुख वैद्यकीय चाचण्या

१९७४ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथील पीटर एलवुड, आर्ची कॉक्रन व सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,२३९ पुरुषांवरील चाचणी प्रसिद्ध केली. ॲस्पिरिन घेणाऱ्या गटात मृत्यू कमी दिसले. परंतु हा फरक केवळ योगायोगाचा नसेल, अशी संख्याशास्त्रीय खात्री देता येत नव्हती. पुढील काही वर्षांतील अनेक मध्यम आकाराच्या चाचण्यांतही असेच चित्र दिसले. मोठ्या चाचणीची गरज त्यातून स्पष्ट झाली.

ती गरज ‘आयसिस-२’ या चाचणीने भागवली. ऑक्सफर्ड येथून आखलेल्या या चाचणीत १६ देशांतील ४१७ रुग्णालयांत, झटक्याच्या संशयाने दाखल झालेल्या १७,१८७ रुग्णांचा समावेश होता. १९८८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन महिनाभर घेणाऱ्यांपैकी ९.४ टक्के रुग्ण पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले. औषधहीन गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ११.८ टक्के होते. म्हणजे दर हजार रुग्णांमागे सुमारे २४ जणांचे प्राण वाचले. ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही औषधे मिळालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण ८ टक्के, तर दोन्ही न मिळालेल्या गटात १३.२ टक्के होते.

याच चाचणीतील एक गमतीदार तपशील संख्याशास्त्राच्या वर्गात आजही सांगितला जातो. उपलब्ध माहितीचे बारीक तुकडे पाडण्याचा आग्रह झाल्यावर संशोधकांनी रुग्णांची जन्मराशीनुसार विभागणी करून दाखवली. पाश्चात्त्य पद्धतीच्या मिथुन व तूळ राशींच्या रुग्णांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक, तर इतर राशींच्या रुग्णांना अत्यंत हितकारक असल्याचे त्या आकड्यांवरून दिसत होते. अर्थात राशीचा औषधाशी काहीही संबंध नव्हता. लहान लहान गटांत योगायोगाने विचित्र फरक दिसू शकतात आणि त्यांवरून निष्कर्ष काढू नये, हे संशोधकांना दाखवायचे होते.

निरोगी व्यक्तींवरील आरंभीच्या चाचण्यांत अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरील अभ्यास विशेष गाजला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके ४४ टक्क्यांनी कमी आढळले. पण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. सुमारे ४०,००० स्त्रियांवरील अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले, पक्षाघात काही प्रमाणात कमी झाला, परंतु हृदयविकाराच्या झटक्यांत लक्षणीय फरक पडला नाही.

उपयोग

हृदयविकाराचा झटका: झटक्याची दाट शंका असल्यास, आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा सध्या चालू असलेला रक्तस्राव नसल्यास, साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खाण्यास दिले जाते. चावल्यामुळे औषध लवकर रक्तात शोषले जाते. हा प्रथमोपचार आहे, उपचाराचा पर्याय नव्हे. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात नेणे हेच मुख्य कर्तव्य असते. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

दुय्यम प्रतिबंध: एकदा झटका किंवा गुठळीजन्य पक्षाघात येऊन गेलेल्या रुग्णाला तो पुन्हा येऊ नये यासाठी केलेल्या उपचाराला दुय्यम प्रतिबंध म्हणतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २८७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार बिंबाणूरोधक औषधांमुळे अशा रुग्णांतील गंभीर घटना सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतात. पूर्वी झटका आलेल्या १,००० रुग्णांना दोन वर्षे औषध दिल्यास सुमारे ३६ गंभीर घटना टळतात. ७५ ते १५० मिलिग्रॅमची मात्रा मोठ्या मात्रेइतकीच प्रभावी असल्याचेही याच विश्लेषणातून दिसले.

स्टेंट व बायपास: हृद्‌रोहिणीत बसवलेली स्टेंट ही धातूची जाळी शरीराला परकी असते आणि तिच्यावर बिंबाणू गोळा होण्याची भीती असते. त्यामुळे आरंभीचे काही महिने ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर यांपैकी दुसरे बिंबाणूरोधक औषधही देतात. हा काळ रुग्णाच्या स्थितीनुसार ठरतो. बायपास शस्त्रक्रियेनंतर जोडलेल्या रक्तवाहिन्या खुल्या राहाव्यात, यासाठीही ॲस्पिरिन दिले जाते.

पक्षाघात: पक्षाघात दोन प्रकारचा असतो, गुठळीमुळे होणारा आणि मेंदूतील रक्तस्रावामुळे होणारा. बाह्य लक्षणांवरून त्यांतील भेद खात्रीने ओळखता येत नाही. पहिल्या प्रकारात ॲस्पिरिन उपकारक, तर दुसऱ्यात धोक्याचे ठरू शकते. म्हणून तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसताच घरी ॲस्पिरिन देऊ नये, मेंदूचा सी.टी. स्कॅन झाल्यावरच त्याचा निर्णय होतो. गुठळीजन्य पक्षाघात निश्चित झाल्यावर लवकर दिलेले ॲस्पिरिन लाभदायक ठरते, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले. त्यांतील एक चाचणी चीनमध्ये झाली होती.

नीलांतील गुठळ्या: पायाच्या खोल नीलांतील गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास प्राणावर बेतू शकते. अशा गुठळीच्या उपचारासाठी फायब्रिनच्या साखळीवर कार्य करणारी औषधेच प्रथम निवडली जातात. मात्र खुबा किंवा गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर, तसेच हाडे मोडलेल्या रुग्णांमध्ये, प्रतिबंधासाठी ॲस्पिरिनचा पर्याय काही ठिकाणी स्वीकारला जातो.

हृदयाची अनियमित लय: एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते. पूर्वी यासाठीही ॲस्पिरिन देत असत. आता ते पुरेसे मानले जात नाही आणि वॉरफेरिन किंवा ॲपिक्सॅबॅनसारखी औषधे दिली जातात.

गर्भारपण: गर्भारपणात रक्तदाब वाढून उद्भवणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सिया या विकाराचा धोका अधिक असलेल्या स्त्रियांना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या भागातच अल्प मात्रेतील ॲस्पिरिन सुरू केले जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्या स्त्रियांत, मुदतपूर्व प्रसूतीस कारण होणाऱ्या या विकाराचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले.

निरोगी व्यक्ती आणि ॲस्पिरिन

आजार होण्यापूर्वीच तो टाळण्यासाठी केलेल्या उपायांना प्राथमिक प्रतिबंध म्हणतात. अनेक वर्षे पन्नाशी ओलांडलेल्या कित्येकांना ॲस्पिरिन रोज घेण्याचा सल्ला दिला जात असे. या सल्ल्यामागील हिशेब २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणाने स्पष्ट केला. त्यातील आकडे दर १०,००० व्यक्तींमागे दर वर्षी या प्रमाणात मांडले, तर पुढील चित्र दिसते.

पूर्वी आजार झालेल्यांमध्ये ॲस्पिरिन न घेता सुमारे ८२० गंभीर घटना घडतात, घेतल्यास ६७०; म्हणजे १५० घटना टळतात. निरोगी व्यक्तींमध्ये न घेता ५७ घटना घडतात, घेतल्यास ५१. म्हणजे केवळ ६ घटना टळतात. याच निरोगी गटात, मेंदूतील रक्तस्राव सोडून, जठर-आतड्यांतील व इतर मोठ्या रक्तस्रावांची संख्या मात्र ७ वरून १० वर जाते. ॲस्पिरिनचे सामर्थ्य दोन्ही गटांत जवळपास तेच असते. फरक पडतो तो मूळ धोक्यात. जेथे टाळण्याजोगे संकट मोठे, तेथे लाभ मोठा. जेथे संकटच लहान, तेथे लाभ आणि हानी यांची पारडी जवळजवळ समान होतात.

२०१८ मध्ये तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘ॲस्प्री’ या चाचणीत ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील, बहुतांशी सत्तरी ओलांडलेल्या १९,११४ निरोगी व्यक्तींचा समावेश होता. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतल्याने अपंगत्वाविना जगण्याचा काळ वाढला नाही. मोठे रक्तस्राव मात्र वाढले. ‘असेंड’ या चाचणीत १५,४८० मधुमेही व्यक्ती होत्या. त्यांच्यात गंभीर घटना १२ टक्क्यांनी घटल्या, पण मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढले. ‘अराइव्ह’ या तिसऱ्या चाचणीत मध्यम धोका असलेल्या १२,५४६ व्यक्तींमध्ये स्पष्ट लाभ आढळला नाही.

या निष्कर्षांनंतर मार्गदर्शक सूचना बदलल्या. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कृतिदलाने २०२२ मध्ये, ६० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींनी प्राथमिक प्रतिबंधासाठी ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये, अशी शिफारस केली. ४० ते ५९ या वयोगटात, पुढील दहा वर्षांतील धोका १० टक्के किंवा अधिक असल्यास, हा निर्णय वैयक्तिक पातळीवर घ्यावा, असे तिने सुचवले. जुन्या चाचण्यांच्या काळापेक्षा आज रक्तदाब व कोलेस्टेरॉलवर अधिक प्रभावी औषधे उपलब्ध आहेत. मूळ धोका त्यांनीच कमी केल्यामुळे ॲस्पिरिनसाठी उरलेला लाभ लहान झाला असावा, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

दुष्परिणाम

जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन द्रव्येही ॲस्पिरिनमुळे कमी होतात. परिणामी छातीत जळजळ, जठरव्रण म्हणजे अल्सर, आणि त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखे काळे शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी ही अशा रक्तस्रावाची लक्षणे असून त्यांसाठी तातडीच्या उपचारांची गरज असते. वाढते वय, पूर्वी झालेला अल्सर, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग, मद्यपान, आणि स्टेरॉइड किंवा इतर वेदनाशामकांचा एकत्रित वापर यांमुळे हा धोका वाढतो. धोका अधिक असलेल्यांना जठरातील आम्ल कमी करणारे औषध सोबत देतात. मेंदूतील रक्तस्राव क्वचित होतो. पण तो सर्वांत गंभीर दुष्परिणाम आहे.

दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिनमुळे दम्याचा तीव्र झटका येतो. विषाणुजन्य ताप किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्यास राय लक्षणसमूह हा यकृत व मेंदूला इजा करणारा दुर्मीळ, पण घातक विकार होऊ शकतो. त्यामुळे कावासाकी आजारासारखे अपवाद वगळता लहान मुलांना ते देत नाहीत.

डेंग्यूच्या तापात बिंबाणूंची संख्या आधीच घटलेली असते आणि रक्तस्रावाचा संभव असतो. म्हणून डेंग्यूची शंका असताना ताप किंवा अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन न घेता पॅरासिटामॉल घेण्यास सांगितले जाते. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णाला पावसाळ्यात असा ताप आल्यास ती गोळी चालू ठेवावी की थांबवावी, हे डॉक्टरांनीच ठरवावे लागते.

इतर औषधांशी आंतरक्रिया

आयबुप्रोफेन हे वेदनाशामक त्याच विकराच्या त्याच वाटेत तात्पुरते जाऊन बसते. ते आधी घेतले असल्यास ॲस्पिरिनला आपली जागा मिळत नाही आणि गुठळी रोखण्याचा गुण उणावतो. पॅरासिटामॉलच्या बाबतीत ही अडचण येत नाही.

भारतात ॲस्पिरिन ७५ व १५० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत मिळते. त्याखेरीज क्लोपिडोग्रेल किंवा ॲटोरव्हास्टॅटिन यांच्यासोबतच्या संयुक्त गोळ्याही प्रचलित आहेत. या गोळ्यांची व्यापारी नावे वेगवेगळी असल्याने एकच रुग्ण नकळत दोन गोळ्यांमधून ॲस्पिरिन घेत असल्याची शक्यता असते. वेष्टनावरील घटक वाचल्यास हे टाळता येते.

गोळ्यांचे प्रकार व साठवण

आतड्यात विरघळणारे आवरण असलेल्या गोळ्या जठरात न विरघळता पुढे जातात. आवरणामुळे जठरातील प्रत्यक्ष दाह कमी होत असला, तरी रक्तस्रावाचा धोका नाहीसा होत नाही; कारण प्रोस्टाग्लँडिनवरील परिणाम रक्तामार्फत होतच असतो. तातडीच्या प्रसंगी आवरण नसलेली किंवा पाण्यात विरघळणारी गोळी उपयुक्त ठरते. ओलसर हवेत ॲस्पिरिनचे ॲसिटिक आम्ल व सॅलिसिलिक आम्ल यांत विघटन होते. अशा गोळीला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ती वापरू नये.

औषध बंद करणे

ॲस्पिरिन नव्याने सुरू न करण्याची शिफारस आणि चालू असलेले ॲस्पिरिन बंद करण्याचा निर्णय या दोन भिन्न बाबी आहेत. निरोगी व्यक्तींविषयीच्या बातम्या वाचून, स्टेंट बसवलेल्या किंवा झटका येऊन गेलेल्या रुग्णाने परस्पर गोळी थांबवणे धोक्याचे असते. स्वीडनमधील ६ लाखांहून अधिक ॲस्पिरिन घेणाऱ्या व्यक्तींच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, गोळी थांबवलेल्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटनांचे प्रमाण ३७ टक्क्यांनी अधिक आढळले.

शस्त्रक्रियेपूर्वी गोळी थांबवायची असल्यास बिंबाणूंचे आयुष्य लक्षात घेऊन सामान्यतः ७ दिवसांच्या आसपास आधी थांबवतात. दात काढण्यासारख्या लहान उपचारांसाठी ती बहुधा थांबवावी लागत नाही; जागेवर दाब देऊन रक्त थांबवता येते. स्टेंट नुकतीच बसवलेली असल्यास मात्र निवडीची शस्त्रक्रियाच पुढे ढकलण्याचा विचार केला जातो. गोळी का सुरू केली होती, हे कारण माहीत असल्याखेरीज ती थांबवण्याचा निर्णय योग्य रीतीने घेता येत नाही. त्यामुळे रुग्णाने व त्याच्या कुटुंबीयांनी औषधाच्या नावासोबत ते देण्याचे कारणही नोंदवून ठेवणे हितावह असते.